वारशातला वस्तरा : गंज जावा, पोलाद राहावे

इतवारीत पेढी आणि वाडीत गोदाम, अशी मांडणी नागपूरच्या अनेक व्यापारी घराण्यांनी गेल्या काही दशकांत स्वीकारली. अमरावती रस्त्यावरचे वाडी आज ट्रान्सपोर्टच्या कार्यालयांनी, ट्रकच्या रांगांनी आणि पत्र्याच्या उंच गोदामांनी ओळखले जाते. गोदामामागोमाग काहींची बिऱ्हाडेही तिकडे गेली आणि इतवारीतले जुने वाडे हळूहळू रिकामे होऊ लागले. वाडा रिकामा करताना माळ्यावरून ज्या पेट्या खाली उतरतात, त्यांत बहुधा ठरावीक वस्तू निघतात: मोडीतल्या खातेवह्या, पितळी कुलुपे, सराफी तागडी, दौत, अडकित्ता आणि कधी कधी काळ्या किंवा पिवळसर मुठीचा, मिटलेला, गंजाने जखडलेला वस्तरा.

तागडी दिवाणखान्यात जाते, अडकित्त्याला काचेचे कपाट मिळते, मोडी वह्या एखादा अभ्यासक मागून नेतो. वस्तऱ्याचे काय करावे, हे मात्र कोणालाच नीटसे ठाऊक नसते. तो एक तर भंगारात जातो किंवा घरातला एखादा उत्साही तरुण तो ग्राइंडरवाल्याकडे नेऊन आरशासारखा चकचकीत करून आणतो. या दोहोंतला दुसरा प्रकार अधिक नुकसानीचा म्हटला पाहिजे. भंगारात गेलेला वस्तरा निदान जसा होता तसा जातो. चकचकीत होऊन आलेल्या वस्तऱ्यावरची कारखान्याची मोहर, पात्यावरचे नक्षीकाम आणि पाठीची मूळ जाडी ही तिन्ही बहुधा त्या दहा मिनिटांत नाहीशी झालेली असतात.

व्यापारी घराला हे समजायला अवघड जाऊ नये. वस्तऱ्यातले पोलाद हे मुद्दल आहे. ते घासून कमी करता येते, वाढवता येत नाही. दर वेळी धार लावताना थोडा घसारा होतो, तो अटळ आहे. परंतु निव्वळ शोभेसाठी मुद्दलाला हात घालणे हा उधळेपणा झाला. जुन्या वस्तऱ्याचे पुनरुज्जीवन करायचे म्हणजे किती काढायचे आणि कुठे थांबायचे, हे ठरवायचे.

हाती आलेला वस्तरा आहे तरी कोणता, हे प्रथम पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात भारतातल्या बाजारात आलेले विलायती वस्तरे प्रामुख्याने दोन शहरांचे: इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील सोलिंगेन. शेफील्डच्या कीर्तीचा पाया १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने घातला. घड्याळाच्या कमानीसाठी एकजिनसी पोलाद मिळेना, म्हणून त्याने बंद मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. शेफील्डच्या चाकूवाल्यांनी हे पोलाद फार कठीण म्हणून आधी नाकारले. फ्रेंचांनी ते विकत घेतले आणि त्यांचा माल सरस ठरू लागला, तेव्हा शेफील्डकर वळले. बाजार कसा शिकतो, याचा हा जुना दाखला.

मुशीतल्या पोलादाची विद्या आपल्याकडे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून होती. दक्षिण भारतातले 'वूट्झ' पोलाद, ज्याच्या भट्ट्यांचे अवशेष आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम येथे सापडतात, ते पश्चिम आशियापर्यंत जात असे. लंडनमधील शस्त्रक्रियेची हत्यारे घडवणारा जेम्स स्टोडार्ट या हिंदुस्थानी पोलादावर इतका लुब्ध होता, की त्याने तरुण मायकेल फॅरडेसोबत त्यावर प्रयोग आरंभले. १८२० साली दोघांचा पोलादाच्या मिश्रधातूंवरील निबंध प्रसिद्ध झाला. विजेच्या संशोधनाने पुढे जगप्रसिद्ध झालेल्या फॅरडेने त्या काळात आपल्या मिश्रधातूंचे वस्तरे करवून मित्रांना भेट दिले होते. पोलादात पाचशेवा हिस्सा चांदी मिसळण्याचा त्यांचा प्रयोग विशेष गाजला. पुढे अनेक वस्तऱ्यांवर 'सिल्व्हर स्टील' अशी अक्षरे उमटू लागली ती त्या गाजावाजामुळे. त्यांतल्या बहुतेकांत चांदीचा अंशही नसे. आजोबांच्या वस्तऱ्यावर ही अक्षरे दिसली म्हणून सराफाकडे धावण्याचे कारण नाही.

मोहर वाचण्यासाठी पाते उघडून त्याच्या मुठीकडील जाड भागावर तिरपा उजेड पाडावा आणि भिंगाने पाहावे. मुकुटाखाली 'व्ही आर' अशी अक्षरे असतील तर वस्तरा राणी व्हिक्टोरियाच्या, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळातला धरता येतो; 'डब्ल्यू आर' असेल तर १८३० ते १८३७ मधला, चौथ्या विल्यमच्या कारकिर्दीतला. तारा आणि माल्टाचा क्रूस ही जोडी दिसली तर तो जोसेफ रॉजर्स यांचा. 'आय एक्स एल' ही अक्षरे जॉर्ज वोस्टनहोम यांची. ती सलग उच्चारली की इंग्रजीत 'मी सरस आहे' असा अर्थ निघतो. जुळ्यांचे चित्र असेल तर तो सोलिंगेनच्या हेंकेल्सचा. ही निशाणी १७३१ साली नोंदवलेली आहे.

देशाचे नाव कोरले आहे की नाही, हीदेखील एक खूण. सोलिंगेनचे काही कारखानदार आपल्या स्वस्त मालावर शेफील्डचे नाव उठवून विकतात, अशी ओरड झाली आणि ब्रिटिश पार्लमेंटने १८८७ साली व्यापारचिन्हांचा कायदा करून परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालणे भाग पाडले. १८८९ साली हिंदुस्थानातही तशाच स्वरूपाचा कायदा आला. 'मेड इन जर्मनी' हे शब्द ग्राहकाने सावध व्हावे म्हणून छापले गेले. पाव शतकाच्या आत तेच शब्द पाहून ग्राहक माल उचलू लागला. ज्यांना आपला माल उत्तम करायचा होता त्यांनी सक्तीचा शिक्का भूषण म्हणून मिरवला. १९३८ साली तर जर्मनीने 'सोलिंगेन' हे नावच कायद्याने राखून ठेवले. त्या परिसरात न घडलेल्या मालावर ते घालता येत नाही. देशाचे नाव नसलेला वस्तरा या कायद्यांच्या आधीचा असू शकतो, पण तेवढ्यावरून निर्वाळा देऊ नये.

वस्तरा घरात आला, तरी तो चालवण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या नाभिक समाजाकडे होती. संत सेना महाराजांनी आपल्या धोकटीतली अवजारे अभंगात आणून त्यांना अध्यात्माचा अर्थ दिला. याच अवजाराची दुसरी बाजूही विसरता येत नाही. विधवांचे सक्तीचे केशवपन ज्या हत्याराने होत असे, ते हेच. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि या कामासाठी वस्तरा हाती धरायचा नाही, असा निर्धार त्यांनी केला. ज्यांचे पोट त्या धारेवर होते, त्यांनीच ती खाली ठेवली. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या गोष्टीला मिळाले त्याहून मोठे स्थान मिळायला हवे होते.

जैन परंपरेत वस्तऱ्याची जागा निराळ्याच तऱ्हेने ठरलेली आहे. केशलोच हा दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी एक. केस हातांनी उपटायचे, कोणत्याही साधनाचा आधार घ्यायचा नाही. अकराव्या प्रतिमेतही ऐलक केशलोच करतात, क्षुल्लकांना मात्र कात्री किंवा वस्तरा चालतो. म्हणजे वस्तरा गृहस्थाश्रमाच्या आणि संन्यासाच्या अगदी सीमेवर उभा आहे. अशा वस्तूची जपणूक करताना ती कशापासून बनली आहे, हा प्रश्न जैन घरात निघणारच. आणि तो मुठीपाशी निघतो.

जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी शिंगाच्या, हाडाच्या, हस्तिदंताच्या, कासवाच्या पाठीच्या, लाकडाच्या, सेल्युलॉइडच्या किंवा पुढे बेकेलाइटच्या असत. पिवळसर पांढरी मूठ दिसली की 'हस्तिदंती' असे म्हणण्याची घाई होते. प्रत्यक्षात त्यांतल्या बऱ्याच सेल्युलॉइडच्या निघतात. या पदार्थाचा जन्मच हस्तिदंताला पर्याय म्हणून झाला. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंत पुरेनासा झाला, तेव्हा अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट यांनी पर्यायाच्या शोधात सेल्युलॉइड सिद्ध केले आणि १८७० साली त्याचे पेटंट घेतले. त्यात दयाबुद्धी किती आणि टंचाई किती, हे सांगता येत नाही. पण काही हत्ती वाचले, हे खरे.

ओळखण्याची सोपी रीत म्हणजे भिंग. हस्तिदंताच्या काटछेदावर एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. हाडावर सूक्ष्म काळे ठिपके किंवा चरे असतात. सेल्युलॉइडवर हस्तिदंताची नक्कल करणाऱ्या रेषा असल्या तरी त्या समांतर आणि संशयास्पद इतक्या नियमित असतात. तापलेली सुई टोचून पाहण्याची रीत काही जण सांगतात, ती मुळीच करू नये. सेल्युलॉइड झटकन पेट घेते. त्याचा आणखी एक दोष आहे. ते जुने होऊन कुजू लागले की त्यातून आम्लधर्मी वायू सुटतो आणि मुठीत मिटलेले पाते आतल्या आत गंजते. मूठ चिकट, तडकलेली आणि कापरासारख्या वासाची असेल, आणि गंज नेमका मुठीने झाकलेल्या भागातच असेल, तर कारण हेच समजावे. अशी मूठ पात्यापासून वेगळी करणे अपरिहार्य ठरते.

मूठ खरोखर हस्तिदंताची निघाली, तर मामला केवळ कारागिरीचा राहत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यातील १९८६च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही. अशी वस्तू विकता येत नाही. 'अँटिक आहे' ही सबब चालत नाही. वारशाने आलेली वस्तू ही वेगळी बाब आहे, पण तिलाही शिस्त आहे. २००२च्या दुरुस्तीनुसार वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तिचे घोषणापत्र द्यावे लागते. मूळ मालकाकडे मालकीचे प्रमाणपत्र होते का, हा प्रश्न त्यात येतोच. त्यासाठी जाणकार वकिलाशी बोलणे इष्ट. महाराष्ट्राच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय नागपुरातच, वनभवनात आहे. वाडीच्या रहिवाशाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. कासवाच्या पाठीच्या मुठीलाही हीच सावधगिरी. परदेशी असलेल्या मुलाला किंवा भाच्याला आठवण म्हणून अशी मूठ पाठवणे तर सर्वथा टाळावे. आंतरराष्ट्रीय करारानुसार सीमेवर ती अडते आणि प्रेमापोटी केलेली गोष्ट गुन्ह्यात मोडते. म्हशीच्या शिंगाच्या मुठीला मात्र हा कायदा लागत नाही.

कायद्यापलीकडचा प्रश्न अहिंसेचा. ज्या हत्तीचा तो दात होता, तो जाऊन शंभर वर्षे झाली असतील; मग मूठ ठेवावी की नाही? काही घरे ती वन खात्याच्या स्वाधीन करणे पसंत करतील, आणि त्यांचा निर्णय आदराचाच आहे. परंतु जुने जपणे आणि नवे मागवणे यांत फरक आहे. असलेली मूठ जपल्याने नवा जीव जात नाही. तिची तुटलेली कड जोडण्यासाठी हस्तिदंताचा, शिंगाचा वा हाडाचा नवा तुकडा शोधला, की मागणी पुन्हा उभी राहते. भेग असेल तर ती भेग म्हणूनच राहू द्यावी. मूठ पुरती निकामी असेल तर सागवानाची किंवा शिसवीची नवी मूठ घालावी. शिसवी घट्ट कणांची असल्याने पातळ कापली तरी टिकते. जोडणीला पितळेची तार आणि दोन बारीक वायसर पुरतात. तारेची टोके हलक्या हातोडीने, थोडी थोडी, अनेक ठोक्यांत पसरवायची असतात. एका दणक्यात काम उरकणाऱ्याची मूठ तडकते.

आता पात्याकडे. कामाला हात लावण्यापूर्वी धारेवर जाड कागदाची घडी चिकटपट्टीने बसवून घ्यावी. गंजलेला वस्तरा बोथट असतो, हा गैरसमज अनेकांच्या बोटांनी दूर केला आहे. चारही बाजूंची छायाचित्रे काढावीत. धार प्रखर उजेडासमोर धरून तीत तडा आहे का, ते पाहावे. धारेपासून वर गेलेली बारीक तडही असेल, तर तो वस्तरा पुन्हा चेहऱ्याला लावण्याचा विचार सोडावा आणि केवळ स्वच्छ करून ठेवावा.

घरोघरी पितळ चिंचेने आणि तांबे लिंबाने उजळण्याची रीत आहे. पोलादाला ती लावू नये. आम्ल गंज खाते तसे पोलादही खाते आणि पात्यावर करडे डाग सोडते. खोबरेल किंवा गोडेतेलही साठवणीसाठी नको. काही महिन्यांत ते चिकट होऊन धूळ धरते. शिलाई मशीनचे तेल हे या कामाला उत्तम. ते खनिज तेल असल्याने प्राणिज चरबीची शंकाही उरत नाही. मुठीचा खिळा जखडला असेल तर तिथे दोन थेंब सोडून एक-दोन दिवस थांबावे. जोर लावून पाते उघडू नये. पात्यावर तेल लावून तसेच ठेवले की लाल गंज सैल होतो, आणि सगळ्यांत बारीक, शून्य-शून्य-शून्य-शून्य अंकाच्या स्टील वूलने तो हलकेच निघतो. त्याखाली जो काळसर, गुळगुळीत थर दिसतो, तो शक्यतो राहू द्यावा. तोही लोखंडाचा ऑक्साइडच, पण लाल गंजासारखा पोखरणारा नव्हे. उलट तो पोलादावर पांघरूण घालतो. गंजाने पडलेले खड्डे बुजत नाहीत. ते घालवायचे म्हणजे भोवतालचे सगळे पाते त्या खोलीपर्यंत उतरवायचे. दोन खड्ड्यांसाठी एवढे मुद्दल मोजू नये. खड्डे नेमके धारेवर असतील तरच विचार निराळा.

पात्यावर सोनेरी अक्षरे किंवा वेलबुट्टी असेल, तर तिथे पॉलिशची पेस्ट अजिबात नेऊ नये. तो सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, अंगठ्याने चार वेळा जोरात घासला तरी जातो.

धार लावण्यासाठी वस्तरा लोहाओळीत किंवा सायकलीवर चाक घेऊन फिरणाऱ्या शिकलगाराकडे नेण्याचा मोह होईल. शिकलगारांची विद्या मोठी आहे, पण ते चाक विळ्या-कात्र्यांसाठी आहे. वस्तऱ्याचे पाते दोन्ही अंगांनी खोलगट घासलेले असते आणि धारेजवळ ते कागदासारखे पातळ होते. कोरड्या चाकावर ती पातळ कड क्षणात तापते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला पोलादावर निळी झाक येते, पण त्याआधीच वस्तऱ्याच्या धारेचे पाणी उतरलेले असते. एकदा पाणी उतरले की ती धार कितीही घासली तरी दोन दाढ्यांपलीकडे टिकत नाही.

वस्तऱ्याला हवा सपाट दगड, पाणी आणि सवड. वस्तरा घडवणाऱ्याने धारेचा कोन पात्यातच बांधून ठेवलेला असतो, हे या अवजाराचे खरे चातुर्य. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवली की कोन आपोआप बसतो, साधारण सोळा-सतरा अंशांचा. धार झिजते तशी पाठही झिजते, म्हणून कोन पिढ्यान्‌पिढ्या तोच राहतो. बफिंगच्या चाकावर ज्याची पाठ उतरवली, त्याचा हा कोनच बिघडतो. चकाकीचा खरा भुर्दंड तो.

दगडाचे अंक चढत्या क्रमाने घ्यावेत: १०००, मग ४००० किंवा ५०००, मग ८००० आणि मिळाल्यास १२०००. पहिल्या दगडावर धार जुळते; पुढचे सगळे दगड पहिल्याचे ओरखडे पुसण्यासाठी. दगडावर धार पुढे ठेवून सरकवायचे, टोकाला पोचले की पाते पाठीवरून उलटवायचे, धारेवरून कधीही नाही. भार वस्तऱ्याच्या वजनाएवढाच. माणूस दाब देतो तो उतावीळपणामुळे, आणि दाबलेली पातळ धार दगडावर वाकते. बऱ्याच जुन्या वस्तऱ्यांची धार मधोमध आत गेलेली असते, कारण वापरणाऱ्याचा हात मधल्या भागावर अधिक चालला. ती एका बैठकीत सरळ करण्याचा हट्ट नको. नेहमीच्या वस्तऱ्याचे पाते नवे असताना पाच अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर रुंद असे. आजोबांचा आज १३ मिलिमीटर भरत असेल तर तो मधला तीन मिलिमीटरचा फरक त्यांच्या आयुष्यभराच्या दाढ्यांचा आहे.

दगडानंतर पट्टा. येथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. चुकून उलट झाले की पट्टा कापला जातो आणि धारही जाते. पट्टा परंपरेने चामड्याचा. जैन घरात हा अडथळा ठरू नये. जुन्या पट्ट्यांना दोन पदर असत, एक चामड्याचा आणि दुसरा तागाच्या किंवा सुती कापडाचा. आधी कापडावर, मग चामड्यावर अशी रीत. घट्ट विणीचे कॅनव्हास धुऊन, ताणून, खिळ्याला अडकवले तर त्या दुसऱ्या पदराचे काम ते करते. वर्तमानपत्राचा कागद सपाट लाकडी पट्टीवर ताणून बसवला तरी काम होते. छपाईच्या शाईतली काजळी तिथे उपयोगी पडते. अर्ध्या मायक्रॉनच्या क्रोमियम ऑक्साइडची हिरवी भुकटी कापडाला चोळली तर दगडाची पाळी पुष्कळ दिवस लांबते. आपले नाभिक तर तळहातावर धार फिरवत. ते पाहायला सोपे आणि करायला वर्षांचे काम आहे, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. ब्रशही कृत्रिम केसांचा आता सर्वत्र मिळतो. साबणाचे म्हणाल तर प्राणिज चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण गोदरेजांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातच बाजारात आणला होता. अहिंसक हजामत ही कल्पना नवी नाही.

एवढे करून तो वस्तरा वापरावा का? १९०३ साली जिलेटची विक्री सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ पाती खपली; पुढच्या दोन-तीन दशकांत जगभरच्या घरांतून उघडा वस्तरा बाजूला पडू लागला. त्याला सबळ कारण होते. उघड्या वस्तऱ्याची दाढी वीस मिनिटे आणि पूर्ण लक्ष मागते. ज्याला सकाळी साडेआठला वाडीच्या गोदामात ट्रक उतरवून घ्यायचा आहे, त्याने तो रविवारसाठी राखावा हे बरे. सुरुवात गालांपासून करावी. हनुवटी आणि गळा सराव झाल्यावर. एका वस्तऱ्याचा धनी एकच असावा, हा नियम मात्र मोडू नये. रक्तातून पसरणारी कावीळ आणि एचआयव्ही यांचे भान आल्यावरच सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे पाते घालण्याची रीत रूढ झाली. बाप-लेकानेही जुना वस्तरा आलटून पालटून वापरू नये. आणि घरात लहान मूल असेल तर तो कुलपात.

त्यातून वाटणीचा प्रश्न उरतोच. बाजारभावाने पाहिले तर असे बहुतेक वस्तरे फार किमतीचे नसतात. तरीही सोन्याची वाटणी निमूट करणारे भाऊ अशा वस्तूवरून रुसल्याची उदाहरणे विरळा नाहीत. सोने तोलून अर्धे करता येते, वस्तरा येत नाही. म्हणून वडीलधाऱ्यांनी हयातीतच तो कोणाकडे जावा हे सांगावे, आणि इच्छापत्र करत असतील तर त्यात एक ओळ घालावी. पट्टा एकाकडे आणि वस्तरा दुसऱ्याकडे अशी तडजोड मात्र करू नये. दोन्ही वस्तू सुट्या पडल्या की दोन्ही निरुपयोगी.

नागपूरची हवा या वस्तूची वर्षातून दोनदा परीक्षा घेते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि शिंगाची वा हस्तिदंताची मूठ आकसून तडकू पाहते; जूनच्या मध्यावर पाऊस आला की तीच मूठ फुगते आणि पाते गंजू लागते. म्हणून वस्तरा उन्हाची झळ लागणाऱ्या भिंतीतल्या कपाटात ठेवू नये, आणि स्नानगृहात तर नाहीच. पात्याला तेलाचे बोट फिरवून, सुती कापडात सैल गुंडाळून, लाकडी पेटीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून पाहावे. पेटीत एक कागद असावा: वस्तरा कोणाचा, घरात केव्हा आला, मोहर कोणती, केव्हा काय दुरुस्ती केली आणि मूठ बदलली असेल तर जुनी कुठे आहे. तो पात्याला न लागता झाकणाच्या आतल्या बाजूस बसवावा, कारण तेलाचा डाग पडला की दोन पावसाळ्यांत शाई उतरते.